मॅडमच्या खोलीतली एक जागा

मॅडम कुणालाच नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. मी औशाची म्हणून मी औसा. हॉस्टेलवर माझ्या खोलीत राहणारी मुलगी देवणीची, म्हणून ती देवणी. वर्गात औशाचा आणखी एक मुलगा निघाला तेव्हा त्याला त्यांनी 'औसा किल्ला' करून टाकलं, कारण त्याचं घर किल्ल्याच्या अंगाला होतं. मला तेव्हाही त्या पोराचा थोडा राग आला होता. औसा म्हटलं की मीच, असं मला वाटायचं.

नांदेडच्या आमच्या कॉलेजात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला मॅडमची खोली होती. पूर्वी तिथं मोडकी बाकं ठेवत. खोली यायच्या बऱ्याच आधी वास यायचा. नवीन मुलं नाकाला रुमाल लावून आत शिरायची. मॅडम त्यांना म्हणायच्या, "घरी अंगण सारवलेलं हाय का? हाय ना? मग तिथं काय अत्तर असतंय का?"

त्या शेणकिड्यांवर काम करायच्या. शेणात राहणारे, शेण खाणारे, शेणाचा गोळा करून मागच्या पायांनी ढकलत नेणारे ते काळे किडे. उभा जन्म त्यांनी त्या किड्यांना दिला होता. अंगावर सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि पायात घोट्याच्या वर येणारे पुरुषी कॅनव्हासचे बूट. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळं काळा दोरा बघून बायका निरखून बघायच्या. मॅडम तेच भिंग डोळ्याला लावून त्या बाईकडं बघत आणि म्हणत, "बघा की तुम्ही बी. मी बी बघते."

मूळच्या त्या उदगीरकडच्या. बोलण्यात कानडी यायचं. 'हौदू' एकदा म्हणाल्या तर त्याचा अर्थ हो. 'हौदू हौदू' असं दोनदा म्हणाल्या तर समजायचं की तुमचं बोलणं त्यांना अजिबात पटलेलं नाही. हा फरक कळायला मुलांना एक वर्ष लागायचं. मला महिन्याभरात कळला, आणि तो मी कुणाला सांगितला नाही.

त्यांच्याकडं एकासारखे एक दोन स्टीलचे डबे होते. एकात भाकरी, एकात शेण. दोन्ही एकाच पिशवीत. कुणी घाबरून विचारलं की म्हणायच्या, "चूक एकदाच झाली. भाकरीच्या डब्यात किडे गेले. किड्यांनी भाकरी खाल्ली न्हाई, एवढं त्यातनं कळलं."

एकदा लातूरहून नांदेडला येताना मी त्यांच्यासोबत होते. एका गोठ्यातलं देवणी जातीच्या गायीचं ताजं शेण न्यायचं होतं. गाडी भरलेली, उन्हाची वेळ. चाकूर गेल्यावर कंडक्टर हुंगत हुंगत आमच्याजवळ आला.

"मॅडम, वास कशाचा येऊन राहिला?"

"शेणाचा."

"डब्यात शेण घेऊन बसलाव?"

"मग काय हातात धरून बसू?"

तो म्हणाला, उतरावं लागेल. मॅडम म्हणाल्या, शेण न्यायचं नाही असा नियम दाखव, उतरते. त्याच्याजवळ नियम नव्हता. मग मॅडम उभ्या राहिल्या आणि शिकवायच्या आवाजात सगळ्या गाडीला म्हणाल्या, "ज्याच्या चपलेला शेण लागलेलं न्हाई त्यानं हात वर करावा." बाजारहून परत निघालेली माणसं ती. कुणाचाच हात वर गेला नाही. मागून एक म्हातारा बोलला, "बसू द्या हो त्यांना. घरचाच वास हाय." कंडक्टर तिकिटं फाडत पुढं गेला. डबा माझ्या मांडीवर होता, कोमट. अख्ख्या गाडीत मॅडमच्या शेजारी बसायचा मान माझा होता. शाळेत बक्षीस घेताना मला इतकं भारी वाटलेलं नाही.

मी मुळात डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी. अब्बांचं औशात स्टँडसमोर शिलाईचं दुकान. त्यांनी मला लातूरच्या क्लासला घातलं, मी घासून अभ्यास केला आणि थोडक्यात हुकले. मग नांदेडला बीएस्सीला आले ती रुसूनच. पहिल्या वर्षी आमचे नेहमीचे सर आले नाहीत म्हणून मॅडम प्रॅक्टिकलला आल्या. त्यांनी गळ्यातलं भिंग माझ्या डोळ्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "पाय बघ त्याचे. दातेरी हायत. फावडं हाय ते." मी पाहिलं. पण आज मला किड्याचे पाय आठवत नाहीत. भिंग धरलेला मॅडमचा हात आठवतो. नखात माती होती आणि हात जराही हलत नव्हता.

त्या दिवसापासून मी त्यांच्या खोलीत जायला लागले. बाटल्या धुवायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या, मेलेले किडे टाचणीला लावायचे. मॅडमनी कधी ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. मी त्यांचे सगळे लेख वाचले. किड्यांची लॅटिन नावं पाठ केली. नांदेडच्या बाजारातून तसलेच कॅनव्हासचे बूट आणले. मला हौदू म्हणायची सवय लागली. मेसमधल्या मुली मला 'छोट्या मॅडम' म्हणून चिडवायच्या. मी वरवर चिडायची.

सुट्टीत घरी गेल्यावर अब्बांनी विचारलं, "काय शिकून राहिलीस?" मी सांगितलं. ते मशीनचं चाक थांबवून म्हणाले, "गोबर के कीडे? इत्ता पढ के?" अम्मीनं माझे बूट दाराबाहेर ठेवले. मला दोघांची कीव आली. ह्यांना मॅडम माहीत नाहीत, म्हणून असं बोलतात, असं मी मनात म्हटलं.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला संशोधन घ्यायचं असेल तर एखाद्या शिक्षकाच्या लॅबमध्ये जागा मिळवावी लागायची. वर्षभर तिथंच काम, आणि पुढं मोठ्या संस्थेत अर्ज करताना त्याच शिक्षकाचा शब्द उपयोगी पडायचा. म्हणून मुलं पुष्कळ आधीपासून जोडे झिजवायची. सगळ्यांचा डोळा 'काचेच्या लॅब'वर होता. ती एका तरुण सरांची. दाराला काच, आत गारवा, नवं यंत्र, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. त्या सरांनी मला स्वतःहून बोलावलं.

"तुझे मार्क बघितले मी. माझ्याकडं ये."

"सर, मी मॅडमकडं जाणार आहे."

त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मग म्हणाले, "नीट विचार कर. तिथून पुढं कुठं जाणार? गोठ्यात?"

"विचार केलाय सर," मी म्हणाले, आणि चपला घालून निघून आले. हॉस्टेलवर ही हकीकत मी देवणीला रंगवून सांगितली. ती पलंगावर पडून मोबाईल बघत होती. म्हणाली, "काचेच्या लॅबमधी एसी असतोय गं. मी असते तर गेले असते."

देवणी म्हटलं की लोक गाई-बैल धरून चालायचे. हिच्या वडिलांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि रस्त्यात गाय आडवी आली तर ही माझ्या मागं लपायची. उशिरा उठायची, माझाच साबण वापरायची, वर्गात खिडकीजवळ बसून बाहेर बघायची. तिनं अजून कुठलीच लॅब धरली नव्हती. तिला काय करायचं ते तिला माहीत नव्हतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं.

मॅडमकडं त्या वर्षी जागा एकच होती. ती माझी आहे, असं मी धरून चालले होते, सगळं कॉलेज धरून चाललं होतं. जागा देण्याआधी मॅडम मुलाला एकदा किनवटच्या रानात नेत. काय करून घेत ते कुणी सांगत नसे. मला त्यांनी रविवारी सकाळच्या गाडीला ये म्हटलं. पण आमच्या वॉर्डनबाई, मॅडम सोबत असल्या तरी, एकट्या मुलीला गावाबाहेर सोडत नव्हत्या. म्हणून मी देवणीला म्हटलं, चल माझ्यासोबत, नाश्ता मी देते. ती गाडीत किनवटपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

तिला मी नेलं. हे मला अजूनही स्वतःला सांगावं लागतं. कुणी तिला बोलावलं नव्हतं.

सागाची झाडं, खाली पाचोळा, लांबवर आश्रमशाळेच्या पोरांचा आवाज. मॅडमनी डबा उघडला, दोन झाडांखाली शेणाचे दोन पो टाकले आणि म्हणाल्या, "ही औसाची जागा, ही देवणीची. बसा. बघा. लिहायचं न्हाई. मी हाक मारीन."

"मी पण?" देवणीनं विचारलं.

"आलीस ना? मग रिकामी कशाला बसतीस?"

मॅडम एका बुंध्याला टेकून भाकरी आणि हिरवी मिरची खात बसल्या. मी ताठ बसून बघत होते. किडे यायला लागले. एकेकाला मी ओळखत गेले. हा उडत येणारा, हा खालून बीळ पाडणारा, हा गोळा करणारा. माझं काही चुकत नव्हतं. देवणी पालथी पडली होती, हनुवटीखाली ओढणीची घडी. मला वाटलं, झोपली. मध्येच मॅडमनी तिला हाक मारली, "देवणी, पाणी पाहिजे का?" ती बोलली नाही. मॅडमनी पुन्हा हाक मारली. तरी नाही. मलाच लाजल्यासारखं झालं. मी उठून गेले, मॅडमच्या हातून बाटली घेतली आणि तिच्या वतीनं म्हणाले, "मॅडम, ती तशीच आहे, मनावर घेऊ नका."

नंतर मॅडमनी आम्हाला जवळ बोलावलं. मी आधी बोलले. कोणकोणते किडे आले, कोण आधी, कोण नंतर, सगळं नावासकट. मॅडम म्हणाल्या, "बरोबर हाय."

मग देवणीकडं वळल्या. ती म्हणाली, "मॅडम, मला नावं येत नाहीत. पण त्यातले दोन किडे येडे आहेत."

"ते कसं?"

"एकाचा गोळा मुळीत अडकला. तो गोळा सोडून इकडं तिकडं हिंडला आणि परत येऊन दुसऱ्याचाच गोळा ढकलत गेला. मग तो दुसरा आला. त्याला कळलंच नाही. त्यानं ह्याचा गोळा मुळीतून काढला आणि घेऊन गेला. दोघंबी खूश. म्हणजे त्यांना आपलं कुठलं आणि परक्याचं कुठलं ते कळत नसंल का? का कळतंय पण चालतंय?"

मॅडम हसल्या. नुसत्या गालात नाही, पोट धरून हसल्या. मी त्यांच्या खोलीत इतके दिवस काढले होते, त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "माहीत न्हाई बघ. मला बी माहीत न्हाई." आणि साडी सावरून तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या. "कुठं हायत ते दोघं? दाखीव."

दोघींची डोकी एकमेकींना लागत होती. मी पाण्याची बाटली धरून उभी होते.

परतीची गाडी उशिरा होती. फलाटावर देवणी भजी आणायला गेली, तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "देवणी राहील माझ्याकडं. औसा, तू काचेच्या लॅबमधी जा. तुझं तिथं चांगलं होईल."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "मॅडम, मी त्यांना नाही सांगून आलेय."

"जा परत. घेईल तो. तुला कोण न्हाई म्हणंल?"

"तुम्ही म्हणालात."

मी विचारलं, "माझं काय चुकलं?"

"काही चुकलं न्हाई. समदं बरोबर होतं."

"मग?"

"हौदू हौदू," मॅडम म्हणाल्या आणि रुळाकडं बघत राहिल्या. तेवढ्यात देवणी भजी घेऊन आली. तिला काहीच माहीत नव्हतं. मला म्हणाली, "तुझ्यासाठी मिरचीची जास्त घेतली." ती भजी मी खाल्ली नाहीत. गाडीत ती पुन्हा माझ्या खांद्यावर झोपली आणि मी खांदा काढून घेतला नाही, कारण मॅडम समोर बसल्या होत्या.

मी काचेच्या लॅबमध्ये गेले. सर म्हणाले, "आलीस? बरं झालं," आणि पुढं एक अक्षर बोलले नाहीत. माणूस चांगला होता. मातीतले जिवाणू कसे वेगळे काढायचे, यंत्र कसं चालवायचं, निकाल कसा मांडायचा, सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. ते माझं कौतुक करायचे. ते कौतुक माझ्या अंगी लागतच नव्हतं. काचेतून पलीकडं टोकाचं दार दिसायचं. ते दार बंद असलं की आत काय चाललं असेल ह्याचा विचार, आणि उघडं असलं की आतून हसण्याचा आवाज. एवढं हसण्यासारखं शेणात काय असतं, असं मला वाटायचं.

संध्याकाळी देवणी चिखलाचे पाय घेऊन खोलीवर यायची आणि पलंगावर आडवी व्हायची. मी ठरवायचे, आज विचारायचं नाही. आणि विचारायचे, "आज काय झालं?"

"काय व्हायचंय. लई वैताग देतात बाई. दिवसभर बांधावर बसवलं. वर म्हणतात, घाई असंल तर मेडिकलचं दुकान टाक."

ते वाक्य माझं होतं. म्हणजे मॅडमचं होतं, पण आधी मी ऐकलेलं होतं. देवणी कुरकुरायची, मॅडमच्या बोलण्याची नक्कल करायची, त्या किती चालवतात, उन्हातान्हात कसं नेतात ते सांगायची. ज्याच्यासाठी मी अनवाणी चालत गेले असते, त्याची ती तक्रार करत होती. मी म्हणायचे, "सोडून दे मग." ती डोळे मिटून म्हणायची, "छे गं. उद्या बिळं उकरायची हायत."

एक दिवस ती मेसमध्ये आली तर तिच्या गळ्यात मॅडमचं भिंग. काळ्या दोऱ्यासकट. वरणाच्या वाटीत लोंबकळत होतं. मी म्हटलं, "ते काढ आधी, खराब होईल." ती म्हणाली, "अगं मॅडमनीच घातलं, विसरूनच गेले मी." विसरून गेले, म्हणे. त्या दिवशी मी जेवण अर्धं टाकून उठले. माझे कॅनव्हासचे बूट कपाटाच्या मागं होते. ते मला होतात का बघू, असं एकदा देवणीच म्हणाली. नाही होत, असं मी न बघताच सांगितलं.

त्या हिवाळ्यात देवणीला ताप आला. रविवारी सकाळी दार वाजलं. दारात मॅडम, हातात डबा. मला बघून म्हणाल्या, "देवणी कुठाय?" मी बाजूला झाले. त्या माझ्या पलंगावर माझ्याकडं पाठ करून बसल्या आणि तिच्या कपाळाला हात लावला. देवणीनं तापातही विचारलं, "मॅडम, हा कुठला डबा?"

"पेजेचा हाय, खा गप."

पेज संपेपर्यंत त्या बसल्या. निघताना दारात माझ्याकडं वळल्या. "काय करून राहिलीस काचेत?"

मी सांगायला लागले. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाटलं होतं, मध्येच निघून जातील. त्यांनी सगळं ऐकलं, मग दोन प्रश्न विचारले. त्यातल्या दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, सरांकडंही नव्हतं. मी तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हौदू."

एकदाच म्हणाल्या. त्या एका हौदूवर मी परीक्षेपर्यंतचे दिवस काढले. तो दुसरा प्रश्नच मी पुढं माझ्या कामाचा विषय केला. त्याच्या जोरावर मला हैदराबादला प्रवेश मिळाला, पुढं डॉक्टरेटही तिथंच झाली. आता मी लातूरच्या एका कॉलेजात शिकवते आणि माझ्या लॅबच्या दाराला काच आहे. देवणी कुठं गेलीच नाही. तिनं मॅडमच्याच हाताखाली डॉक्टरेट केली, मॅडम निवृत्त झाल्यावर त्याच खोलीत शिक्षिका म्हणून बसली. आता नांदेडला नाकाला रुमाल लावून येणाऱ्या पोरांना ती बोलते. गायीला अजून भिते.

लोकांच्या हिशेबी मी पुढं गेले आणि ती मागं राहिली. अब्बा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला माझं नाव सांगतात. मला मात्र नांदेडला कुठल्या कामानं जावं लागलं, तर त्या कॉलेजच्या रस्त्यानं जायला नको वाटतं.

मॅडम निवृत्तीनंतर लातूरला येऊन राहिल्या. तळमजल्यावरचं छोटं घर, मागं परसात गाय बांधलेली. मी ईदला शीरखुर्मा घेऊन जायची, अधूनमधून फळं. त्या आनंदानं खायच्या आणि विचारायच्या, "देवणीचा फोन आला का तुला?" मी तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर, देवणी एवढ्या लांब नांदेडला, आणि प्रश्न हा.

मागच्या हिवाळ्यात मॅडमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. देवणीनं मला फोन केला. "मला परीक्षेची ड्युटी लागली, मी संध्याकाळपर्यंत पोचते. तोवर तू जाशील का त्यांच्याजवळ?"

"तू सांगितलं नसतंस तरी गेले असते," मी म्हणाले.

"तसं न्हाई गं म्हटलं मी," देवणी म्हणाली.

मॅडम पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला. माझी चाहूल लागल्यावर म्हणाल्या, "कोण? देवणी?"

"नाही मॅडम. औसा."

"औसा हाय का? मग चहा कर. देवणीला चहा येत न्हाई."

मी चहा केला. आयुष्यात इतकं मन लावून चहा केलेला नाही. त्यांना बशीत ओतून दिला. त्या प्यायल्या, 'बरा झालाय' म्हणाल्या. दुपारभर मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, गायीला वैरण टाकली. शेवटी राहवलं नाही.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार की. डोळ्याला पट्टी हाय, तोंडाला न्हाई."

"किनवटला तुम्ही मला का नाही घेतलं?"

मला वाटलं, इतक्या वर्षांनी विचारलं तर त्या म्हणतील, अजून ते धरून बसलीस का. तसं काही म्हणाल्या नाहीत.

"त्या दिशी तू काय बघत होतीस?"

मी किड्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ते न्हाई. तू जरा जरा वेळानं मान वळवून माझ्याकडं बघत होतीस. मी बघते का न्हाई तुझ्याकडं, ते. मी मोजत न्हवते, पण लई वेळा. त्या पोरीला मी दोनदा हाक मारली, तिला ऐकू आलं न्हाई. तुला मी हाक न मारताच तू उठून आलीस."

मी वर्तमानपत्राची घडी घालून बाजूला ठेवली.

"तुला किडे न्हवते पाहिजे, औसा. तुला मी पाहिजे होते. माझ्याजवळ राहिली असतीस तर जन्मभर माझे बूट घालून हिंडली असतीस. म्हणून म्हटलं, दुसरीकडं जाऊ दे. तिथं कुणाकडं बघायला न्हाई म्हटल्यावर ही कामाकडं बघंल. बघितलंस की."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तवा सांगितलं असतं तर रडली असतीस."

"आता नाही रडणार असं वाटलं?"

"आता मला दिसत न्हाई," मॅडम म्हणाल्या. "रड."

मी रडले नाही. उठून कप धुतले. त्यांचं म्हणणं खरं होतं, ते मला कप धुताना कळत होतं. खरं असून त्यानं काही हलकं वाटलं नाही. मला किडे नको होते हे कबूल. पण जे हवं होतं ते देवणीला मिळालं होतं, न मागता, आणि तिला तर तेही नको होतं, तिला किडे हवे होते. एकीला दोन्ही मिळालं. हे कुठल्याही समजुतीनं पटण्यासारखं नाही.

दिवे लागायच्या वेळेला देवणी आली. आल्या आल्या आत जाऊन मॅडमना बोलली, "थेंब टाकले का डोळ्यात? पट्टीला हात लावला ना? मला दिसून राहिलंय, सरकलीय." कॉलेजात कुणाला न जुमानणाऱ्या मॅडम 'न्हाई गं, खाजलं म्हणून' असं काहीतरी पुटपुटल्या. मी पायरीवर जाऊन बसले. निघावं की थांबावं, कळत नव्हतं.

थोड्या वेळानं देवणी बाहेर आली आणि शेजारी बसली. प्रवासानं चेहरा उतरला होता. केसात पांढरं दिसायला लागलं होतं.

"दिवसभर थांबलीस, बरं झालं," ती म्हणाली. "तुझ्या हातचा चहा प्यायला मिळाला म्हणून खूश हायत. मला लगेच ऐकवलं आत."

"काय ऐकवलं?"

"नेहमीचंच." ती हसली, पण नीट हसली नाही. "तुला माहीत न्हाई, एवढी वर्षं मी काय ऐकलंय ते. बाटली फुटली, 'औसानं कधी फोडली न्हाई.' नाव चुकलं, 'औसाला झोपेतनं उठवून विचारलं तरी आलं असतं.' तुझा हैदराबादचा पहिला लेख छापून आला, तो त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. मला काय कळतंय त्यातलं? मी म्हटलं, एवढी आवडते तर तिलाच घ्यायचं होतं. तर आठवडाभर बोलल्या न्हाईत माझ्याशी." ती पायरीवरची काडी उचलून मोडत राहिली. "मला तुझा लई राग यायचा. खोलीवर येऊन तू विचारायचीस ना, आज काय झालं, तवा तर जास्तच. वाटायचं, हिला समदं माहीत हाय आणि मुद्दाम विचारती."

मी तिच्याकडं बघत राहिले. एवढी वर्षं एका खोलीत राहून, एकमेकींच्या लग्नाला जाऊन, ईद-दिवाळीला डबे पाठवून, ह्यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. तिच्या पाठीवरून हात फिरवावा, माझंही काही सांगावं, एवढं मला कळत होतं.

"अजून काय म्हणायच्या?" मी विचारलं.

"कोण, मॅडम?"

"हं. माझ्याबद्दल. अजून."

देवणी आठवायला लागली. आतून मॅडमचा आवाज आला, "काय कुजबुजून राहिल्याव दोघी?"

"काही न्हाई मॅडम," देवणी म्हणाली.

मी तिच्याजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "सांग ना. आणि सावकाश सांग."